साडेचारशे पौंड

"साहेब, लंडनचे पौंड इथंच मिळतात का?"

मी मान वर केली. काउंटरपलीकडे साठीकडे झुकलेले एक गृहस्थ उभे होते. इस्त्री केलेला पांढरा सदरा प्रवासात चुरगळलेला, छातीशी धरलेली कापडी पिशवी. त्यांच्यामागे बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलेलं मोठं गाठोडं घेऊन.

"मिळतात. परमिट लागतं," मी म्हणालो.

"आहे ना. रिझर्व्ह बँकेचं परमिट आहे, कॉलेजचं पत्र आहे, बोटीचं तिकीट आहे." त्यांनी पिशवीतून एकेक कागद काढून काउंटरवर मांडला. "मी शांतवन उजागरे. नगरला शाळेत चित्रकला शिकवत होतो. ही माझी मुलगी, करुणा. मँचेस्टरला चाललीय. बहिऱ्या मुलांना बोलायला कसं शिकवायचं, त्याचा एक वर्षाचा कोर्स आहे तिथं. आपल्याकडं ते शिकवणारं फार कोणी नाही."

ते एका दमात बोलले. हे सगळं त्यांनी आधी पुष्कळ लोकांना सांगितलेलं असणार. परमिट साडेचारशे पौंडांचं होतं.

ही गोष्ट जून १९६६ मधल्या पहिल्या शनिवारची. मी फोर्टातल्या एका बँकेत परकीय चलनाच्या खात्यात कारकून होतो. वय पंचवीस, नोकरीला अजून एक वर्षही पुरं झालेलं नव्हतं. त्या काळी परदेशी पैसा सहजासहजी मिळत नसे. सहा-सहा महिने अर्ज करून परमिट मिळवायचं, मग आमच्याकडं रुपये भरायचे आणि आम्ही लंडनवरचा ड्राफ्ट काढून द्यायचो. पौंडाचा भाव तेरा रुपये तेहतीस पैसे. माझ्या जन्माच्या आधीपासून तोच. खात्यात नवीन येणाऱ्याला पहिल्या दिवशी तो सांगत आणि मग पुन्हा कधी कोणी विचारत नसे.

मी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. अकरा चाळीस.

शनिवारी बारापर्यंत काउंटर उघडा असे. कागद घेतले असते, तर परमिट तपासणं, त्याच्या पाठीवर नोंद करणं, ड्राफ्ट टाईप करणं, दोन सह्या, असं करत दीड वाजला असता. आणि एक वाजता भाऊच्या धक्क्यावरून आमची लाँच होती. पावसाळ्यासाठी लाँच बंद व्हायच्या आधीचा तो शेवटचा शनिवार. आम्ही चौघे मित्र अलिबागला जाणार होतो. एकाच्या मामाची तिथं आमराई होती.

"काउंटर बंद झालाय," मी कागद त्यांच्याकडं सरकवले. "बारा वाजून गेले."

"गेले?" ते एकदम ओशाळले. खिशाकडं त्यांचा हात गेला, पण घड्याळ नव्हतंच. आमच्या खात्यातलं भिंतीवरचं घड्याळ साहेबांच्या केबिनमध्ये होतं, आणि खात्याचा जिना थेट रस्त्यावर उतरत होता. "आम्हाला वाटलं पोहोचू वेळेत. रात्रभर एसटीत होतो, साहेब. काही करता आलं तर..."

"सही करणारे साहेब गेले. माझ्या एकट्याच्या हातात काही नाही."

मुलीनं माझ्याकडं बघितलं. ती काही बोलली नाही.

"बोट कधी आहे?" मी विचारलं. उगाच, आपण अगदीच निर्दय नाही असं स्वतःला दाखवायला.

"सोळा तारखेला."

"मग सोमवारी या. पौंड काय पळून जातायत होय?"

ते मोकळेपणी हसले. "नाही, नाही. ते खरंच. सोमवारी येतो. भायखळ्याला आमच्या ओळखीचे पाद्री आहेत, त्यांच्याकडं राहू दोन दिवस. तुम्हाला उगाच त्रास दिला." त्यांनी कागद एकेक करून, कोपरे जुळवून पिशवीत ठेवले. जिन्यापाशी जाऊन त्यांनी मागं वळून मला नमस्कार केला.

ते गेले आणि मी केबिनकडं पाहिलं. सही करणारे तेलंगसाहेब आत डबा उघडून बसले होते. त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं.

एकची लाँच मला मिळाली. अलिबागला आम्ही दोन दिवस आंबे खाल्ले, समुद्रात डुंबलो. त्या बापलेकीची मला एकदाही आठवण झाली नाही. तसं आठवण होण्यासारखं होतं तरी काय? सरकारी कामात दोन दिवस इकडं-तिकडं होतातच.

सोमवारी सकाळी गिरगावातल्या आमच्या चाळीत, नळावर, शेजारचे वर्तक मोठ्यानं पेपर वाचत होते. रविवारी रात्री सरकारनं रेडिओवरून जाहीर केलं होतं, रुपयाची किंमत कमी केली. डॉलर पावणेपाच रुपयांवरून साडेसातवर.

"आणि पौंड?" मी बादली खाली ठेवून विचारलं.

"एकवीस," वर्तक म्हणाले. "काय हो गुप्ते, तुमच्या खात्यात आज मजा आहे."

साडेचारशे गुणिले एकवीस. तो गुणाकार मी कपडे करताना केला, रस्त्यानं चालताना केला, दर वेळी उत्तर तेच. नऊ हजार चारशे पन्नास. शनिवारी हेच पौंड सहा हजारांना मिळत होते.

मी पोहोचलो तेव्हा ते दोघं बाकावर येऊन बसलेले होते. सगळ्यांत पहिले. हॉलमध्ये फोन खणखणत होते, व्यापाऱ्यांची माणसं हातात कागद नाचवत होती, आणि या गोंधळात उजागरे मास्तर पिशवी मांडीवर घेऊन निवांत बसलेले. त्यांना काही कळलेलं नव्हतं. पाद्र्यांच्या घरी सकाळी प्रार्थना झाली आणि ते तडक निघाले होते.

"आज लवकर आलो, साहेब," ते मला पाहून उठले. "आज तुम्हाला बोलायला जागा नाही."

मला त्यांना सांगता आलं नाही. "बसा, बघतो," एवढंच म्हणून मी आत गेलो आणि टेबलावरचे कागद उगाच इकडचे तिकडं करत राहिलो. शेवटी त्यांना सांगितलं ते तेलंगसाहेबांनी. केबिनबाहेर येऊन साहेबांनी त्यांचं परमिट पाहिलं, मग त्यांना खुर्ची दिली, आणि सावकाश, शाळेतल्या मुलाला समजवावं तसं समजावलं. मास्तर ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "म्हणजे आमच्या सहा हजारांचे साडेचारशे होणार नाहीत?"

"नाही, मास्तर."

"शनिवारच्या भावानं द्यायचा काही मार्ग?"

तेलंगसाहेब फार कडक होते, पण त्यांच्याइतका सरळ माणूस मी नंतर त्या बँकेत पाहिला नाही. त्यांनी मला हाक मारली.

"गुप्ते, हे शनिवारी आले होते म्हणतात. काउंटरवर तूच होतास ना?"

"हो साहेब."

"हे बघ. कामकाजाच्या वेळात परमिट आणि पैसे घेऊन हे आपल्या काउंटरवर उभे असतील, आणि आपल्यामुळं काम राहिलं असेल, तर मी आत्ता हेड ऑफिसला फोन लावतो. भांडीन त्यांच्याशी. शनिवारचा व्यवहार धरा म्हणून सांगीन. किती वाजता आले होते हे?"

मास्तर माझ्याकडं बघत होते. मुलगी माझ्याकडं बघत होती. साहेबांचा हात टेलिफोनवर होता.

एप्रिलमध्ये मी लवकर निघून गेलो म्हणून मला एकदा लेखी ताकीद मिळाली होती. जूनअखेर माझी नोकरी कायम होण्याचा कागद निघणार होता आणि त्यावर सही याच माणसाची लागणार होती. गावी आई होती, दोन बहिणी लग्नाच्या होत्या. हे सगळं खरं आहे. पण त्या क्षणी यातलं काही माझ्या मनात आलं असं मी आज शपथेवर सांगू शकणार नाही. मनात फक्त एकच होतं, आपण पकडले जाऊ नये.

"साडेबारा, साहेब," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की. काउंटर बंद करून मी हिशोब जुळवत होतो."

तेलंगसाहेबांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मी तेव्हा नजर खाली घातली असती, तरी कदाचित पुढचं वेगळं झालं असतं. पण तेवढ्यात उजागरे मास्तरच बोलले.

"यांचं बरोबर आहे, साहेब. उशीर आम्हालाच झाला. चूक माझी आहे. एसटीतून उतरल्यावर मी हिला म्हटलं, तिकडं थंडी असते, वाटेत एखादा जुना गरम कोट बघू. दुकानदार वीस रुपयांच्या खाली येईना, मी पंधराच्या वर जाईना. तिथंच वेळ गेला. हे साहेब तरी काय करणार? यांनी आम्हाला नीट सांगितलं, सोमवारी या म्हणून."

"बाबा," मुलगी म्हणाली.

"थांब, करुणा. दुसऱ्याकडं बोट दाखवू नये."

तेलंगसाहेबांनी टेलिफोनवरचा हात उचलला. "मग माझा इलाज नाही, मास्तर."

"नाही, नाही. तुम्ही विचारलंत, तेच खूप आहे." त्यांनी खिशातून रुमाल काढला, पण तोंड पुसलं नाही, नुसता हातात धरला. मग माझ्याकडं वळून विचारलं, "आता सहा हजारांत किती येतील, साहेब?"

मी कागदावर भागाकार केला. "दोनशे पंच्याऐंशी पौंड आणि चौदा शिलिंग."

"कॉलेजला साडेचारशे दाखवावेच लागतात," मुलगी शांतपणे म्हणाली. "त्यापेक्षा कमी असले तर ते घेत नाहीत. पत्रात लिहिलंय."

मास्तरांनी मान डोलावली. त्या सहा हजारांत काय काय होतं ते त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही, मी पुष्कळ वर्षांनी ऐकलं. बायकोच्या बांगड्या, मास्तरांच्या फंडाचे पैसे, आणि नगरच्या त्यांच्या चर्चच्या मंडळीतल्या जवळजवळ प्रत्येक घरानं दिलेले पाच-पाच, दहा-दहा रुपये. आणखी साडेतीन हजार दहा दिवसांत उभे करणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. मास्तरांना तेव्हा पेन्शन होती महिना नव्वद रुपये.

ते उठले. तेलंगसाहेबांना नमस्कार केला, मलाही केला. जिन्यावर मुलीनं त्यांचा दंड धरला होता.

जूनअखेर माझी नोकरी कायम झाली.

पुढं सगळं रीतसर होत गेलं. बहिणींची लग्नं झाली, माझं झालं, मी कारकुनाचा अधिकारी झालो. पण परकीय चलनाचं खातं काही सुटलं नाही. रोज सकाळी भाव यायचे आणि रोज माझं मन आपोआप एक गुणाकार करायचं. सदुसष्ट साली इंग्लंडनं आपल्या पौंडाची किंमत उतरवली, आमच्याकडं तो अठरावर आला. साडेचारशे गुणिले अठरा, आठ हजार शंभर. पुढं पौंड रोज वर-खाली व्हायला लागला, तेव्हा मी रोज नवं उत्तर काढत राहिलो. बायकोनं एकदा विचारलं, आंघोळ करताना तुम्ही कसले आकडे पुटपुटता? मी म्हटलं, ऑफिसचे.

शहात्तर सालच्या शेवटी पौंड पंधराच्या आसपास घसरला. पावणेसात हजार. जुन्या भावाच्या इतक्या जवळ तो दहा वर्षांत आला नव्हता. बाजारातले लोक त्याबद्दल आनंदानं बोलत होते. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्यानंतर महिन्याभरात मी नगरला गेलो. बँकेचं काम आहे असं घरी सांगितलं. काम नव्हतं.

घर शोधायला त्रास पडला नाही. उजागरे मास्तर म्हटल्यावर पहिल्याच माणसानं बोट दाखवलं. कौलारू, दोन खोल्यांचं घर, पुढं पडवी. पडवीत सहा-सात मुलं चटईवर बसली होती आणि करुणा त्यांच्यापुढं गुडघ्यांवर बसून एका मुलीचा तळहात स्वतःच्या गळ्यावर धरून "आ" म्हणत होती. ती मुलगी नुसती हसत होती. तिच्या तोंडून आवाज निघत नव्हता.

मला पाहून करुणा उठली. तिनं ओळखलं. मला ते लगेच कळलं, पण ती म्हणाली एवढंच, "बाबा आत आहेत."

मास्तर सत्तरीच्या उंबऱ्यावर होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, कान मात्र शाबूत. माझं नाव ऐकताच ते खाटेवर सावरून बसले.

"गुप्तेसाहेब! बँकेतले! देवा, तुम्ही आमची आठवण ठेवलीत?" त्यांनी आतल्या खोलीकडं हातवारे केले. तिशीचा एक माणूस चहा घेऊन आला, माझ्याकडं बघून हसला आणि न बोलता परत गेला. "हा योहान, माझा मुलगा. जन्मापासून ऐकू येत नाही. याच्यासाठीच करुणाला जायचं होतं. म्हणजे, याला उशीर झालाच होता, पण याच्यासारख्यांसाठी. आता शाळा सुटल्यावर अशी सहा-सात मुलं घेते घरी."

"जमतं तेवढं करते," करुणा दारातून म्हणाली. "मला नीट येत नाही. चौघांपैकी एखादं बोलतं. कुठं चुकतं ते सांगणारं कोणी नाही."

मास्तर खाली बघत होते. "माझ्यामुळं झालं ते," ते हळूच म्हणाले. "त्या कोटापायी. पाच रुपयांसाठी मी अर्धा तास घासाघीस केली, साहेब. हिची आई जाईपर्यंत मला कधी एका शब्दानं बोलली नाही. पण मला माहीत आहे. लोकांचे पैसे मी घरोघर जाऊन परत केले. जो तो म्हणायचा, मास्तर, सरकारनं केलं, तुमचा काय दोष? मी कुणाला सांगितलं नाही की आम्ही वेळेत पोहोचलो असतो तर काम झालं असतं."

मी पेला खाली ठेवला. दहा वर्षं मी मनात जे घोकत होतो, ते आता बोलण्याखेरीज गत्यंतर नव्हतं.

"मास्तर, तुम्ही वेळेत पोहोचला होता."

त्यांनी मान वर केली.

"अकरा चाळीस झाले होते. माझ्या हातात घड्याळ होतं. साहेबही आत होते. मला एकची लाँच गाठायची होती, म्हणून मी खोटं सांगितलं. सोमवारी पुन्हा खोटं बोललो, नोकरीला भिऊन. मी खरं बोललो असतो तर साहेबांनी तुम्हाला जुन्या भावानं मिळवून दिलं असतं. तुमची काही चूक नव्हती. सगळी माझी होती."

पडवीत एक मूल खिदळलं. मास्तरांचा चेहरा बदलत गेला. मी मनाची तयारी केली होती, ते ओरडतील, रडतील, चालता हो म्हणतील. मला तेच हवं होतं बहुधा.

ते हसले. हात पुढं करून त्यांनी माझा हात चाचपडत शोधला आणि दोन्ही हातांत धरला.

"तुम्ही मुंबईहून एवढ्यासाठी आलात?" त्यांनी विचारलं. "या म्हाताऱ्याच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून?"

"नाही, मास्तर, हे खरं आहे."

"असू दे, असू दे. तुमचं मन मला त्या दिवशीच कळलं होतं. किती सौम्यपणानं बोलला होता तुम्ही. पण माझी चूक तुम्ही आपल्या अंगावर घेऊ नका, साहेब. ती मला देवापुढं न्यायचीय."

"मास्तर, शपथेवर सांगतो..."

"शपथ घेऊ नका," ते घाईनं म्हणाले. "दयेपोटीसुद्धा खोटी शपथ घेऊ नये."

मी करुणाकडं पाहिलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. माझ्या मदतीला येईल असा तिचा चेहरा नव्हता.

निघताना त्यांनी मला थांबवलं. डोळे मिटून, माझा हात धरूनच, त्यांनी मोठ्यानं प्रार्थना केली. हे प्रभू, तू या सज्जनाला आमच्या घरी पाठवलंस. याच्यासारखी माणसं जगात आहेत म्हणून आमच्यासारख्यांना जगायला बळ येतं. याच्या मुलाबाळांना सुखी ठेव. आमेन. योहानला शब्द ऐकू येत नव्हते, पण बापाचे मिटलेले डोळे पाहून त्यानंही हात जोडले होते.

करुणा मला फाटकापर्यंत पोहोचवायला आली. तिथं थांबून म्हणाली, "त्या शनिवारी जिना उतरल्यावर आम्ही रस्त्यावर उसाचा रस प्यायलो. अर्धा ग्लास झाला असेल, तेव्हा राजाबाई टॉवरचे ठोके पडले. मी मोजले. बारा."

मी तिच्याकडं बघूही शकलो नाही.

"बाबांना तिथंच सांगितलं. सोमवारी परतताना पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, बँकेतला माणूस उगाच कशाला खोटं बोलेल? तूच मोजायला चुकली असशील."

"मी परत येतो," मी म्हणालो. "पुन्हा सांगतो त्यांना. लिहून देतो. साहेब अजून आहेत, त्यांच्याकडून..."

"नको." तिनं फाटक ओढून घेतलं. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "पुन्हा येऊ नका. ते पुन्हा तुमच्यासाठी प्रार्थना करतील."